‘पॅपिलरी, टाइप २’ हे निदान पुन्हा तपासायचे ते का आणि कसे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या ४१ वर्षांच्या धाकट्या भावाच्या डाव्या मूत्रपिंडात साडेपाच सेंटिमीटरची गाठ निघाली आणि ती मूत्रपिंडासकट काढण्यात आली. पहिल्या प्रयोगशाळेने ‘रीनल सेल कार्सिनोमा, पॅपिलरी, टाइप २’ असा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा, रिपोर्ट दिला. दुसऱ्या मतासाठी आपण स्लाइड घेऊन गेलात, तेव्हा तिथल्या पॅथॉलॉजिस्टनी पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मागवले आणि ‘एफएच’ व आणखी काही मार्कर (विशिष्ट प्रथिने दाखवणाऱ्या तपासण्या) केल्याशिवाय प्रकार सांगता येणार नाही असे कळवले. एकाच गाठीबद्दल दोन मते कशी, आणि इतक्या चाचण्या खरोखर लागतात का, असे आपण विचारता. ओघात आपण असेही लिहिले आहे की आपल्या आईचे आणि थोरल्या बहिणीचे गर्भाशय फायब्रॉइडच्या गाठींमुळे पस्तिशीच्या आतच काढावे लागले. आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला तेच वाटते, आणि ते दोन्ही प्रयोगशाळांपर्यंत पोचले नसेल तर आजच कळवावे.

दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे म्हणणे बरोबर आहे आणि एफएचची तपासणी टाळू नये, हे माझे उत्तर आहे. ते का, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत गाठीचे काय होते ते क्रमाने सांगतो. माझ्या पंचवीस वर्षांच्या कामात मी पाहिले आहे की चूक बहुधा महागड्या चाचणीत होत नाही. ती त्याच्या खूप आधी, मूत्रपिंड बरणीत पडते त्या पहिल्या काही तासांत होते, किंवा स्लाइडने विचारलेला प्रश्न नीट न ऐकल्यामुळे होते.

काढलेला अवयव दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, त्याच्या आकारमानाच्या दहापट द्रवात ठेवायचा असतो. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर शिरते. मूत्रपिंडाभोवती चरबीचे जाड आवरण असते, त्यामुळे अवयव अखंड ठेवला तर मधल्या गाठीपर्यंत द्रव पोचेपर्यंत पेशी आतल्या आत सडू लागतात. म्हणून आवरणावर शाई लावून मूत्रपिंड आल्याबरोबर लांबीतून दोन भागांत उघडायचे, गाठीचे पातळ काप घ्यायचे आणि मग ते पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे. काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका रुग्णालयातून आमच्याकडे एक मूत्रपिंड आले होते. अरुंद तोंडाच्या बरणीत ते कसेबसे कोंबलेले होते, फॉर्मॅलिन जेमतेम बुडण्यापुरते होते आणि शस्त्रक्रियेला तीन दिवस उलटून गेले होते. कापल्यावर कडेची दोन बोटे ऊती घट्ट व करडी होती, आणि मधला भाग लिबलिबीत, तपकिरी. त्या रुग्णाचे निदान आम्ही कडेच्या भागावरून केले, पण त्यातल्या एका मार्करने आम्हाला कसे चकवले असते ते पुढे येईल.

उघडलेल्या गाठीचा रंगही बोलतो. नेहमीचा क्लिअर सेल प्रकार सोनेरी पिवळा असतो, मधे रक्तस्रावाचे डाग असतात. ऑन्कोसायटोमा (एक निरुपद्रवी गाठ) महोगनी लाकडासारखा तपकिरी असतो आणि त्याच्या मध्यभागी कधी कधी पांढरा, ताऱ्यासारखा व्रण दिसतो. क्रोमोफोब हा कर्करोगाचा प्रकार फिकट बदामी असतो. त्यानंतरचे काम म्हणजे ग्रॉसिंग, म्हणजे कोणत्या जागेचे तुकडे तपासायचे ते ठरवणे. गाठीच्या दर सेंटिमीटरला निदान एक ब्लॉक घ्यावा आणि वेगळा दिसणारा प्रत्येक भाग त्यात यावा. सर्वांत काळजीपूर्वक तपासायची जागा म्हणजे गाठ आणि रीनल सायनसमधली (मूत्रपिंडाच्या मधल्या पोकळीतली) चरबी यांची सीमा, कारण तिथे वाहिन्या भरपूर असतात आणि त्यांच्याभोवती आवरण नसते. आपल्या भावाची गाठ साडेपाच सेंटिमीटरची आहे म्हणून तिची पायरी (स्टेज) टी१बी, म्हणजे मूत्रपिंडापुरती मर्यादित, धरली गेली असेल. पण सायनसच्या चरबीत ती सूक्ष्म प्रमाणात जरी शिरलेली असली तरी पायरी पुढची, म्हणजे टी३ए होते. हा फरक कोणताही जनुकीय अहवाल सांगू शकत नाही. तो योग्य जागेचा तुकडा घेतला तरच दिसतो.

आता स्लाइड. तीन ते चार मायक्रॉन जाडीचा छेद, हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन हे दोन रंग, आणि साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक, एवढ्यावर मूत्रपिंडाच्या बहुसंख्य गाठींचे निदान आजही होते. क्लिअर सेल कार्सिनोमा हा त्यांतला सुमारे तीन-चतुर्थांश. त्याच्या पेशी रिकाम्या, काचेसारख्या दिसतात, कारण त्यांच्यातली चरबी प्रक्रियेत विरघळून जाते आणि ग्लायकोजेनलाही रंग चढत नाही. पेशींच्या घरट्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांची जाळी पसरलेली असते. याच चरबीमुळे पॉल ग्राविट्झ यांनी १८८३ मध्ये या गाठी अधिवृक्क ग्रंथीच्या चुकून राहिलेल्या तुकड्यांपासून होतात असे मांडले, आणि ‘हायपरनेफ्रोमा’ हे चुकीचे नाव पुढे कित्येक दशके चालले. पॅपिलरी प्रकारात पेशी बोटांसारख्या फांद्यांवर बसलेल्या असतात, आणि फांदीच्या गाभ्यात फेसाळ मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) दिसतात. क्रोमोफोबच्या पेशींच्या कडा वनस्पतिपेशींसारख्या ठळक असतात, केंद्रके मनुकेसारखी सुरकुतलेली आणि त्यांच्याभोवती फिकट वलय असते.

याच स्लाइडवर ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक दिसते याची श्रेणी, ठरते. पूर्वी १९८२ ची फुरमन पद्धत वापरत. आता केंद्रिका (केंद्रकातला ठिपका) किती ठळक दिसते त्यावरून पहिल्या तीन ग्रेड देतात: चारशेपट मोठे करूनही ती ठळक दिसत नसेल तर पहिली, चारशेपटीवर स्पष्ट दिसली पण शंभरपटीवर ठळक नसेल तर दुसरी, शंभरपटीवरच ठळक दिसली तर तिसरी. केंद्रकांची टोकाची विकृती, सार्कोमॅटॉइड किंवा रॅब्डॉइड हे आक्रमक रूप असेल तर चौथी. ही पद्धत क्लिअर सेल आणि पॅपिलरी प्रकारांसाठी आहे. क्रोमोफोबला ती लावत नाहीत, कारण त्याची केंद्रके मुळातच वेडीवाकडी असतात.

मग मार्कर कशासाठी? इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत एखाद्या विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड छेदावर सोडतात, आणि जिथे ते चिकटते तिथे तपकिरी रंग उमटतो. मार्करला निदान माहीत नसते. अमुक प्रथिन अमुक पेशीत आहे की नाही, एवढेच ते सांगते. त्यामुळे दहा मार्कर एकदम लावून त्यांतून निदान निवडण्याची रीत मला पटत नाही. स्लाइड पाहून दोन-तीन शक्यता आधी मनात ठरवाव्यात आणि त्यांना वेगळे करणारे मार्कर मागवावेत. गाठ मूत्रपिंडाच्या नलिकांपासून आली आहे की दुसरीकडून, हा प्रश्न असेल तर पीएएक्स८ उपयोगी पडते. मात्र ते थायरॉइड आणि गर्भाशय-बीजकोशाच्या गाठींतही उमटते, म्हणून हाडातली किंवा फुप्फुसातली पसरलेली गाठ केवळ पीएएक्स८ वर मूत्रपिंडाच्या खात्यात टाकू नये. मूत्रमार्गाच्या अस्तरापासून निघालेला कर्करोग वगळायचा असेल तर सोबत जीएटीए३ लावतात.

कार्बोनिक अनहायड्रेज नऊ, म्हणजे सीएनाइन, हे मार्कर क्लिअर सेलसाठी उत्तम आहे आणि त्याचे कारणही सुरेख आहे. या गाठींत तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरचे व्हीएचएल जनुक निकामी झालेले असते. त्यामुळे पेशीला प्राणवायू भरपूर असूनही तो कमी पडतो आहे असे ‘वाटते’, आणि ती कमतरतेच्या वेळची प्रथिने बनवत राहते. सीएनाइन हे त्यांतलेच एक, आणि ते पेशीच्या चारही कडांनी पेटीसारखे रंगते. पण कोणत्याही गाठीतल्या मृत भागाशेजारच्या पेशींना खरोखरच प्राणवायू कमी मिळतो आणि त्याही हे प्रथिन दाखवतात. त्या पट्ट्यावरून निष्कर्ष काढणे ही नेहमीची चूक आहे. जिथे हा रंग पेशीच्या तळाला आणि बाजूंना येतो पण वरची कड मोकळी राहते, म्हणजे कपासारखा दिसतो, आणि सीके७ हे दुसरे मार्कर सर्वत्र पॉझिटिव्ह असते, तिथे क्लिअर सेल पॅपिलरी गाठीचा विचार करावा. ती इतकी सौम्य वागते की २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिच्या नावातला ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढून टाकला गेला. पूर्वी अशा रुग्णांना कर्करोग म्हणून सांगितले जात असे, हे लक्षात घेतले म्हणजे एका रंगलेल्या कडेचे मोल कळते.

गुलाबी, दाणेदार पेशींच्या गाठी हा आमच्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. ऑन्कोसायटोमा निरुपद्रवी, क्रोमोफोब कर्करोग, पण दोघांच्या पेशी सारख्याच गुलाबी असू शकतात. दोन्ही सीडी११७ या मार्करला पॉझिटिव्ह असतात. सीके७ ऑन्कोसायटोमात विखुरलेल्या मोजक्याच पेशींत दिसते, तर क्रोमोफोबमध्ये बहुधा सर्वत्र. हेल यांचा कोलॉइडल आयर्न हा जुना रंग क्रोमोफोबला निळा करतो, पण तो लहरी आहे आणि हात बसलेला तंत्रज्ञ लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ऑन्कोसायटोमा मायटोकाँड्रियांनी खच्चून भरलेला दिसतो आणि क्रोमोफोबमध्ये असंख्य सूक्ष्म पुटिका दिसतात. ही तपासणी आता क्वचित होते, तरी अडलेल्या जागी मदत करते. सीके७ सर्वत्र आणि सीडी११७ निगेटिव्ह असेल तर लो-ग्रेड ऑन्कोसायटिक ट्यूमर ही अलीकडे ओळखली गेलेली सौम्य गाठ मनात आणावी. सुईने घेतलेल्या बायोप्सीत अशा गाठीचा जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा, दोऱ्याएवढा तुकडा हातात येतो. तिथे ‘ऑन्कोसायटिक निओप्लाझम’ एवढेच लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट अडाणी नसतो. पुराव्यापेक्षा जास्त बोलायचे नाही, एवढेच तो पाळत असतो.

याच गटात सक्सिनेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमच्या अभावाने होणारा कार्सिनोमा दडलेला असतो. त्यासाठी एसडीएचबी हे मार्कर लावतात, आणि इथे वाचन उलटे असते. रंग येणे हे सामान्य, रंग जाणे हा पुरावा. मात्र रंग खरोखर गेला आहे की स्टेनच (मार्करची रंगप्रक्रियाच) लागला नाही, हे कळण्यासाठी त्याच छेदातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी पाहाव्यात. त्या तपकिरी, दाणेदार रंगलेल्या आणि गाठीच्या पेशी कोऱ्या असतील तरच ‘अभाव’ म्हणायचे. वर सांगितलेल्या मूत्रपिंडाच्या मधल्या भागातून कोणीतरी ब्लॉक घेतला होता आणि त्यावर एसडीएचबी पूर्ण कोरे आले होते. मी छेद पुढे सरकवत एक केशवाहिनी शोधली. तिच्या पेशीही कोऱ्याच होत्या. ऊती सडलेली होती, स्टेनला तिथे पकडायला काही उरलेच नव्हते. कडेच्या ब्लॉकवर तोच स्टेन पुन्हा केला तेव्हा गाठ आणि वाहिन्या दोन्ही छान रंगल्या. तो पहिला छेद तसाच वाचला असता, तर एका संपूर्ण कुटुंबाला आनुवंशिक आजाराची शंका घेऊन फिरावे लागले असते.

आता आपल्या भावाच्या निदानाकडे येतो. पॅपिलरी कार्सिनोमाचे टाइप १ आणि टाइप २ असे दोन भाग करण्याची पद्धत बरीच वर्षे होती. टाइप २ म्हणजे मोठ्या, गुलाबी, ठळक केंद्रिकांच्या पेशी. पुढे जनुकीय अभ्यासांतून स्पष्ट झाले की टाइप २ हा एक आजार नाही. फांद्यांच्या रूपात वाढणारे आणि आक्रमक दिसणारे अनेक वेगळे कर्करोग त्या एका नावाखाली गोळा झाले होते. म्हणून २०२२ च्या वर्गीकरणात ही विभागणी सोडून देण्यात आली. पहिल्या प्रयोगशाळेने चुकीचे पाहिले असे मी म्हणणार नाही. स्लाइडवर जे दिसले त्याला त्यांनी जुने नाव दिले. दुसऱ्यांनी त्या नावामागे काय आहे ते विचारले.

चाळिशीच्या आसपासचा रुग्ण आणि ‘टाइप २’ हे रूप एकत्र आले की सर्वांत आधी फ्यूमरेट हायड्रेटेज, म्हणजे एफएच, हे एन्झाइम तपासावे. ते पेशीच्या ऊर्जाचक्रात फ्यूमरेटचे मॅलेट करते. ते नसले की फ्यूमरेट साठत जाते आणि इतर प्रथिनांमधल्या सिस्टीनला चिकटून त्यांना बदलून टाकते. त्यामुळे इथे आपल्याला दोन बाजूंनी पुरावा मिळतो. एफएचचा स्टेन केला तर जे नाहीसे झाले ते दिसते, आणि टूएससी नावाचा स्टेन केला तर जे साठले ते दिसते. साध्या स्लाइडवरही एक खूण असते: मोठी, शेंदरी लाल केंद्रिका आणि तिच्याभोवती मोकळे वलय, जवळजवळ विषाणूच्या संसर्गात दिसते तशी. ती सर्वत्र असतेच असे नाही, पण मी ती एकाही जागी पाहिली तर एफएच मागवल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही.

एफएचचा स्टेन शाबूत दिसला तरी शंका पूर्ण फिटत नाही. काही उत्परिवर्तनांत प्रथिन बनते, रंगही घेते, फक्त काम करत नाही. अशा वेळी टूएससी पॉझिटिव्ह येते. टूएससी फार थोड्या प्रयोगशाळांत होते, म्हणून ते मिळत नसेल आणि स्लाइड व घरचा इतिहास दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तर थेट जनुकीय अनुक्रमण (जनुकाचा अक्षरक्रम वाचणे) करावे. या कर्करोगाच्या आनुवंशिक प्रकारात त्वचेवर स्नायूंच्या बारीक, दुखऱ्या गाठी आणि स्त्रियांना तरुण वयात गर्भाशयाच्या मोठ्या, अनेक फायब्रॉइड गाठी होतात. आपल्या आईचे आणि बहिणीचे वर्णन मला म्हणूनच थांबवून गेले. फायब्रॉइड आपल्याकडे घरोघरी असतात हे खरे आहे, पण पस्तिशीच्या आत, दोन पिढ्यांत, आणि भावाला मूत्रपिंडाचा असा कर्करोग, हे एकत्र सहज घडत नाही.

एफएच शाबूत निघाले तर पुढची शक्यता टीएफई३ जनुकाच्या फेरजुळणीची, म्हणजे ते तुटून दुसऱ्या जनुकाला जोडले जाण्याची. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. प्रथिनाचा स्टेन मिळतो, पण तो फॉर्मॅलिनच्या बाबतीत फार नाजूक असल्याने फिश ही तपासणी अधिक विश्वासाची आहे. जनुकाच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा प्रकाशमान प्रोब बसवतात. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके एकमेकांना चिकटून पिवळसर दिसतात, तुटलेले असेल तर दूर जातात. पुरुषात एकच एक्स असल्याने निरोगी पेशीत एकच जोडठिपका दिसतो, आणि नवशिक्याला तोच ‘काहीतरी हरवले’ असा वाटू शकतो. यातही एक खाच आहे. टीएफई३ कधी कधी त्याच गुणसूत्रावरच्या जवळच्या जनुकाशी, उदाहरणार्थ आरबीएम१० शी, जुळते. तेव्हा ठिपके इतके कमी हलतात की फिश निगेटिव्ह वाचले जाते. तिथे आरएनए अनुक्रमणच उत्तर देते, आणि त्यासाठी ब्लॉक चांगला आणि फार जुना नसलेला लागतो. टीएफईबी या त्याच कुळातल्या जनुकाच्या गाठी मेलन-ए आणि कॅथेप्सिन के ही प्रथिने दाखवतात. एएलके या आणखी एका जनुकाची फेरजुळणी दुर्मीळ आहे, पण तिच्यावर थेट औषध उपलब्ध असल्याने ती शोधण्यात अर्थ आहे.

महाराष्ट्रातल्या पॅथॉलॉजिस्टनी आणखी एक प्रकार डोळ्यासमोर ठेवावा, तो म्हणजे रीनल मेड्युलरी कार्सिनोमा. तो मुख्यतः सिकलसेलच्या वाहकांत, तरुण वयात होतो आणि त्यात आयएनआय१ हे प्रथिन नाहीसे झालेले असते. विदर्भात आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागात सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत. तिथल्या तरुण रुग्णाच्या मूत्रपिंडात आक्रमक गाठ दिसली तर आयएनआय१ चा स्टेन आणि हिमोग्लोबिनची तपासणी दोन्ही करावीत. स्लाइडवरच्या रक्तवाहिन्यांत कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या तर निम्मे काम तिथेच होते.

आपण काय करावे ते आता सांगतो. पहिल्या प्रयोगशाळेकडून दोन ब्लॉक मागावेत: एक गाठ नीट जतन झालेल्या भागाचा आणि दुसरा असा की ज्यात गाठ व निरोगी मूत्रपिंड दोन्ही आहेत, म्हणजे तुलना एकाच छेदावर करता येईल. ब्लॉकचे क्रमांक लिहून पोच घ्यावी. दुसऱ्या प्रयोगशाळेला विनंती करावी की एफएच आणि एसडीएचबी आधी करावेत, टीएफई३ नंतर, आणि अनुक्रमणाची गरज पडल्यास त्यासाठी ऊती राखून ठेवावी. ब्लॉक मायक्रोटोमवर (छेद कापण्याच्या यंत्रावर) पुन्हा पुन्हा चढवला की प्रत्येक वेळी पृष्ठभाग सपाट करताना बरीच ऊती वाया जाते, म्हणून सर्व छेद एकाच बैठकीत कापून घेणे चांगले. एफएचचा अभाव सिद्ध झाला तरी तो फक्त गाठीपुरता आहे की जन्मजात, हे गाठीवरून ठरत नाही. त्यासाठी जनुकीय समुपदेशकांशी बोलून भावाच्या रक्ताची तपासणी करावी लागेल. त्यात दोष सापडला, तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता पन्नास टक्के धरावी लागते. त्यांत आपणही आलात, आणि ज्यांच्यात तो निघेल त्यांना दरवर्षी मूत्रपिंडाचा एमआरआय सुचवला जातो.

रक्ताच्या अहवालाला काही आठवडे लागतील. तेवढ्या वेळात बहिणीची शस्त्रक्रिया जिथे झाली तिथे तिच्या गर्भाशयाचे पॅराफिन ब्लॉक अजून आहेत का याची चौकशी करावी. नीट ठेवलेले ब्लॉक कित्येक वर्षे टिकतात आणि फायब्रॉइडवरही एफएचचा स्टेन करता येतो. तिथे अभाव दिसला तरी तो एकट्याने पुरावा ठरत नाही, कारण काही फायब्रॉइडमध्ये तो आनुवंशिक दोष नसतानाही असतो. पण भावाच्या स्लाइडशेजारी तिची स्लाइड ठेवून पाहता आली, तर समुपदेशकांना कोणाची तपासणी आधी करायची हे ठरवणे पुष्कळ सोपे जाईल.